भट्टीचं लायनिंग कोणतं निवडायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोर्जिंग, हीट ट्रीटमेंट, चुना, सिमेंट, सिरॅमिक. भट्टी कुठलीही असली तरी लायनिंगच्या (आतल्या उष्णतारोधक अस्तराच्या) चौकशीची सुरुवात एकाच प्रश्नाने होते: "किती टक्के अ‍ॅल्युमिना घेऊ?" अ‍ॅल्युमिना म्हणजे विटेतलं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. खरं तर त्याच्या टक्केवारीचा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. आधी बघायचं ते भट्टीच्या आत त्या-त्या जागी वीट काय सोसते. खालची उत्तरं कारखानदार, मेंटेनन्सची मंडळी आणि लायनिंगचे कंत्राटदार यांच्यासाठी आहेत.

जास्त अ‍ॅल्युमिना म्हणजे जास्त चांगली वीट, असं नाही का?

नाही. अ‍ॅल्युमिना वाढला की सहसा वीट जास्त तापमान झेलते, जड होते आणि महागही होते. पण त्याचबरोबर ती उष्णता जास्त वाहून नेते, तापल्यावर जास्त प्रसरण पावते आणि काही रसायनांपुढे उलट लवकर हरते. याचं ठळक उदाहरण सिमेंटच्या प्रीहीटरमध्ये (भट्टीत जाण्याआधी माल तापवणाऱ्या भागात) दिसतं. तिथल्या वायूंत पोटॅश आणि सोडा, म्हणजे अल्कली, भरपूर असतात, म्हणून तिथे मुद्दाम २५ ते ३० टक्के अ‍ॅल्युमिनाची वीट वापरतात. तिच्यातली सिलिका अल्कलीशी मिळून पृष्ठभागावर काचेसारखा घट्ट थर तयार करते आणि छिद्रं बंद होतात. त्याच जागी ६० टक्क्यांची वीट लावली तर अल्कली आत मुरते, नवी खनिजं बनताना आकारमान वाढतं आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. जास्त पैसे मोजून कमी टिकणारं लायनिंग पदरी पडतं.

मग निवड कशावरून करायची?

पुरवठादाराला फोन करण्याआधी एका कागदावर एवढं लिहून काढा: आतलं नेहमीचं आणि कमाल तापमान, भट्टी सतत चालते की रोज थंड होते, इंधन कोणतं, आतला वायू ऑक्सिडायझिंग (ऑक्सिजन जास्त) आहे की रिड्युसिंग (ऑक्सिजन कमी), माल काय आहे, त्याचा विटेला थेट स्पर्श होतो का, स्केल (तापलेल्या लोखंडावरून सुटणारे पापुद्रे) किंवा स्लॅग (वितळलेला मळ) पडतो का, ठोकर कुठे लागते, आणि मागचं लायनिंग नेमकं कुठे, किती दिवसांनी आणि कसं गेलं.

यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात मोलाचा, आणि नेमका तोच सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो. जुनी वीट फेकून देण्याआधी फोडून बघा. तोंड काचेसारखं वितळून ओघळलं असेल तर तापमान किंवा रासायनिक झीज. तोंडाला समांतर चिरा पडून २०-३० मिमी जाडीचे तुकडे सुटले असतील तर झटपट तापणं-गार होणं, किंवा आत काहीतरी मुरणं. सांध्याच्या कडा चेपून तुटल्या असतील तर प्रसरणाला जागा दिली नव्हती. वीट धड असून भिंत आत झुकली असेल तर दोष अँकरिंगचा (लायनिंग पत्र्याला धरून ठेवणाऱ्या आधारांचा), विटेचा नाही. या प्रत्येक रोगाचं औषध वेगळं आहे, आणि सगळ्यांना "पुढची ग्रेड घ्या" हा सल्ला लागू पडत नाही.

संपूर्ण भट्टीला एकच वीट लावण्याची गरजही नसते. तळ, बर्नरसमोरची भिंत, छत, दार आणि चिमणीकडची वाट या पाच वेगवेगळ्या जागा समजा.

पत्रकावर १६०० अंश लिहिलंय. म्हणजे १६००ला चालेल?

तो आकडा कशाचा आहे ते आधी विचारा. पीसीई म्हणजे विटेच्या भुकटीचा छोटा शंकू ज्या तापमानाला वाकतो तो बिंदू. त्यावर वजन नसतं, वेळही थोडा असतो. साध्या फायरक्लेचा (अग्निमातीच्या विटेचा) पीसीई १७०० अंशांच्या घरात असू शकतो, पण तीच वीट वजनाखाली १३०० ते १४०० अंशांनाच बसायला लागते. म्हणून कमान, उंच भिंत किंवा वर भार असलेल्या जागेसाठी आरयूएल, म्हणजे भाराखाली नरम पडण्याचं तापमान, मागून घ्या. सोबत पीएलसीही मागा. पुन्हा तापवल्यावर वीट कायमची किती आक्रसते किंवा फुगते ते त्यातून कळतं.

सिरॅमिक फायबरवरचं (लोकरीसारख्या उष्णतारोधक तंतूंवरचं) १२६० हे वर्गीकरणाचं तापमान असतं. सतत चालवायचं तर १२६० ग्रेडला ११०० ते ११५० आणि झिर्कोनिया असलेल्या १४२५ ग्रेडला १३०० ही व्यवहारातली मर्यादा धरा. त्यापुढे फायबर आक्रसतं, जोड उघडतात आणि मागचा पत्रा लाल होतो.

आयएस ६ आणि आयएस ८ म्हणजे काय?

फायरक्ले विटांची भारतीय मानकं. आयएस ६ मध्यम तापमानासाठी, आयएस ८ उच्च तापमानासाठी. बाजारात आयएस ६ म्हणून मिळणारी वीट साधारण ३० टक्के अ‍ॅल्युमिनाच्या आसपास आणि आयएस ८ म्हणून मिळणारी ४०च्या आसपास असते. विटेवर छाप असला म्हणजे ती मानकात बसते असं होत नाही. आयएस १५२८ मालिकेतल्या चाचण्यांप्रमाणे केलेला, त्याच लॉटचा अहवाल मागा.

वीट, कास्टेबल की सिरॅमिक फायबर?

कास्टेबल म्हणजे पाण्यात कालवून जागेवरच ओतायचं, काँक्रीटसारखं मिश्रण. भट्टी रोज किंवा आठवड्याला थंड होत असेल, आत स्लॅग नसेल आणि भिंतीला माल घासत नसेल, तर फायबरचा विचार पहिला करा. आकडेच बघा. समजा आतलं तापमान १२०० अंश आहे आणि भिंत २३० मिमी फायरब्रिक अधिक ११५ मिमी इन्सुलेशन विटेची आहे. ही भिंत पूर्ण तापेपर्यंत दर चौरस मीटरला सुमारे ५६० मेगाज्यूल उष्णता नुसती पोटात साठवते. डिझेलच्या भाषेत सांगायचं तर जवळपास १५ लिटर, तेही बर्नर आणि धुराड्यातून जाणारी उष्णता न धरता. २०० मिमी फायबर मॉड्यूलची भिंत तेवढ्याच तापमानाला २५ मेगाज्यूलच्या आत साठवते. रोज पेटवून रोज विझवायची २० चौरस मीटरची भट्टी असेल तर हा फरक महिन्याच्या इंधनाच्या बिलात ठळक दिसतो.

सतत चालणाऱ्या भट्टीत मात्र ही साठवण वर्षातून एक-दोनदाच भरावी लागते, तेव्हा हा फायदा गौण होतो आणि विटेचं आयुष्य महत्त्वाचं ठरतं.

फायबर कुठे नको? ज्वाला थेट आपटते तिथे, माल किंवा चिमटा लागतो तिथे, तळावर, आणि जिथे फर्नेस ऑइलची राख बसते तिथे. त्या राखेतलं व्हॅनेडियम आणि सोडियम फायबरला खातं. अशा भट्टीत भिंतीचा खालचा ५०० ते ६०० मिमी भाग आणि बर्नर ब्लॉकच्या भोवतीचा भाग विटेचा किंवा कास्टेबलचा, आणि वरची भिंत व छत फायबरचं, असा मेळ चांगला बसतो.

कास्टेबल उपयोगी पडतं ते वेड्यावाकड्या आकारांना: दाराची चौकट, बर्नरभोवती, गोल डक्ट, सायक्लोन, बॉयलरच्या नळ्यांमागची जागा. सांधे नसल्याने गळती कमी. पण ते भट्टीतच "बनतं", त्यामुळे पाणी, मिसळणी आणि सुकवणी यात झालेली चूक पुढे भोगावी लागते. विटेचं तसं नाही. ती कारखान्यातूनच भाजून आलेली असते. कसलेला गवंडी आहे पण मिक्सर, व्हायब्रेटर आणि तापमान सांभाळून सुकवणी करणारा माणूस नाही, अशा ठिकाणी सरळ भिंतीला वीटच बरी.

बाहेरचा पत्रा फार तापतो. आणखी इन्सुलेशन घालू का?

घाला, पण आधी हिशेब करा. वरचंच उदाहरण घेऊ. २३० मिमी फायरब्रिक (उष्णतावाहकता १.३) आणि ११५ मिमी इन्सुलेशन वीट (०.२५), आत १२००, बाहेर ३५ अंश. अशा भिंतीतून चौरस मीटरला सुमारे १६५० वॅट जातात, पत्रा १५० अंशांच्या आसपास तापतो आणि दोन विटांच्या मधल्या सांध्याला सुमारे ९१० अंश असतात. इन्सुलेशन न घालता सगळी ३४५ मिमी भिंत फायरब्रिकची केली असती, तर ३७०० वॅट गेले असते आणि पत्रा २०० अंशांच्या वर गेला असता.

आता पत्र्याच्या आतून ५० मिमी फायबरचं ब्लँकेट टाकलं, तर गळती सुमारे ९५० वॅटवर येते आणि पत्रा ११५ अंशांच्या आसपास उतरतो. पण मधला सांधा ९१० वरून १०३० अंशांवर जातो, आणि ब्लँकेटच्या गरम बाजूला जवळपास ६०० अंश येतात. म्हणजे मागची इन्सुलेशन वीट ९५० अंशांची असेल तर ती आक्रसणार, मधे पोकळी पडणार आणि पुढची भिंत आधार गमावणार. पत्रा गार झाला म्हणून सगळे खूश असतात, आणि सहा महिन्यांनी भिंत आत येते. रॉकवूल टाकलं असेल तर तेही त्याच्या मर्यादेच्या काठावर असेल. इन्सुलेशन वाढवलं की त्याच्या आतला प्रत्येक थर आणखी तापतो, हे लक्षात ठेवून प्रत्येक सांध्याचं तापमान काढा आणि त्यावरून मागची ग्रेड ठरवा.

पत्र्याच्या बाहेरून इन्सुलेशन गुंडाळणं तर टाळाच. पत्रा आणि अँकर दोन्ही तापून नरम पडतात.

पत्र्याचं तापमान इन्फ्रारेड गनने मोजत असाल आणि त्यावर चकचकीत अ‍ॅल्युमिनियम पेंट असेल, तर गन खूप कमी दाखवते. मोजायच्या जागी काळ्या मॅट रंगाचे ठिपके लावा आणि नेहमी तिथेच मोजा.

फोर्जिंगच्या भट्टीचा तळ वितळून चिकट होतो. वीट खराब आली का?

बहुधा नाही. तापलेल्या लोखंडावरचं स्केल म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. फायरक्लेमधल्या सिलिकाशी त्याचं फायालाइट नावाचं संयुग बनतं आणि ते सुमारे १२०० अंशांनाच वितळतं. भट्टी १२५० वर चालत असेल तर तळ ओघळणारच. तळाच्या वरच्या थराला ७० ते ८० टक्के अ‍ॅल्युमिनाची दाट वीट किंवा त्याच तोडीचं कास्टेबल वापरा. स्केल फार पडत असेल तर मॅग्नेसाइट (मॅग्नेशियम ऑक्साइडची वीट). मॅग्नेसाइट वीट एकदम गार झाली की तडकते, म्हणून दार वारंवार उघडं राहणाऱ्या भट्टीत ती दाराजवळ नको. साचलेलं स्केल वेळच्या वेळी ओढून काढणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. आणि बर्नरला हवा किती जास्त जाते तेही तपासा. जास्तीची हवा म्हणजे जास्त स्केल: मालही जातो, तळही जातो.

बगॅस, लाकूड, भुसा जाळतो. विटा फुगून पापुद्रे सुटतात.

वनस्पतिजन्य इंधनाच्या राखेत पोटॅश असतं. पहिल्या उत्तरात सांगितलेलाच हा अल्कलीचा हल्ला. साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये आणि भुशावर चालणाऱ्या भट्ट्यांमध्ये तो नेहमी दिसतो. ज्या भागात विटेचं तोंड ११०० अंशांच्या खाली राहतं, तिथे कमी अ‍ॅल्युमिनाची, दाट, कमी छिद्रांची, अल्कलीरोधक म्हणून बनवलेली वीट किंवा कास्टेबल घ्या. त्याहून गरम जागी सिलिकॉन कार्बाइड असलेलं कास्टेबल चांगलं टिकतं, राखही त्याला कमी चिकटते. हलकी, सच्छिद्र इन्सुलेशन वीट अशा धुरासमोर उघडी ठेवू नका.

गॅस कार्ब्युरायझिंगच्या भट्टीत वीट आतून भुगा होते. का?

या भट्टीत वायूतला कार्बन पोलादाच्या पृष्ठभागात मुरवतात. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एंडोगॅसमध्ये सुमारे २० टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि ४० टक्के हायड्रोजन असतो. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या पट्ट्यात विटेतले लोहाचे कण कार्बन मोनॉक्साइडमधून कार्बन सुटा करतात. तो कार्बन कणाभोवती साठत जातो आणि वीट आतूनच फोडतो. पुढचं तोंड यापेक्षा गरम असतं, म्हणून ते धड दिसतं. भुगा होतो तो मागच्या, थंड भागाचा. इथे अ‍ॅल्युमिनाची टक्केवारी नंतर, लोहाची टक्केवारी आधी विचारा: फेरिक ऑक्साइड १ टक्क्याच्या आसपास किंवा कमी. मागच्या इन्सुलेशन विटेलाही हीच अट लावा. पुढची वीट चांगली आणि मागची कुठलीही, हा प्रकार इथे चालत नाही.

चुन्याच्या भट्टीला कोणती वीट?

चुना हा क्षारधर्मी, फायरक्ले आम्लधर्मी. चुना, अ‍ॅल्युमिना आणि सिलिका एकत्र आले की ११७० अंशांपासून द्रव बनू शकतो. म्हणून उभ्या भट्टीच्या जळणाच्या पट्ट्यात ७० टक्के अ‍ॅल्युमिना किंवा मॅग्नेसाइट वापरा. वर जिथे दगड कोसळतात तिथे रासायनिक त्रास नाही, ठोकर आहे; तिथे ४० ते ४५ टक्क्यांची दाट, कडक फायरक्ले पुरते. कोळसा एका बाजूला जास्त पडला की तिथे तापमान उसळतं आणि चांगली वीटही काचेसारखी ओघळते. अशा वेळी वीट बदलण्याआधी कोळशाचा आकार आणि पसरणी तपासा.

सिमेंटच्या रोटरी किल्नमध्ये इन्सुलेशनचा थर का देत नाहीत?

शेल (किल्नचा बाहेरचा पोलादी दंडगोल) फिरतं आणि फिरताना किंचित लंबगोल होतं. मागचा मऊ थर त्यात चिरडला जातो, विटा सैल होतात आणि विटांची कडी पिळली जाते. चंद्रपूरकडच्या सिमेंट कारखान्यांत असो वा कुठेही, बर्निंग झोनमध्ये माल १४५० अंशांवर आणि ज्वाला त्याहून खूप गरम असते. तिथे मॅग्नेशिया-स्पिनेल वीट आणि तिच्यावर मालाचाच बसलेला कोटिंगचा थर मिळून शेलचं रक्षण करतात. पूर्वी मॅग्नेशिया-क्रोम वापरत. अल्कलीच्या संगतीत तिच्यातून विषारी हेक्साव्हॅलेंट क्रोमियम तयार होतं, म्हणून ती मागे पडली. वारंवार किल्न बंद-चालू केलं की कोटिंग गळून पडतं आणि वीट उघडी पडते. बर्निंग झोनच्या विटेचं आयुष्य दिवसांपेक्षा शटडाऊनच्या संख्येवर जास्त अवलंबून असतं.

इंडक्शन फर्नेसलाही हेच नियम?

नाही. तिथे विटेऐवजी रॅमिंग मास (कुटून बसवायची कोरडी भुकटी) असतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीत बीड वितळवताना सिलिका मास आणि त्यात साधारण १ टक्का बोरिक अ‍ॅसिड हा नेहमीचा मेळ. क्वार्ट्झ ५७३ अंशांना रूप बदलतं आणि एकदम फुगतं, म्हणून सिंटरिंग करताना (मास तापवून घट्ट करताना) या टप्प्यावरून सावकाश जावं लागतं. मँगनीज जास्त असलेल्या स्टीलसाठी सिलिका टिकत नाही, तिथे न्यूट्रल (आम्लधर्मीही नाही, क्षारधर्मीही नाही असा) मास घ्या.

मॉर्टर कोणतं, आणि किती?

विटेच्या जातीचंच. ६० टक्क्यांच्या विटेला ६० टक्क्यांचं. स्वस्त मॉर्टर लावलं तर आधी सांधा वितळतो आणि तिथून विटेची कड खाल्ली जाते. साधं पोर्टलँड सिमेंट मिसळायचं नाही. तापल्यावर त्याचा बंध तुटतो आणि त्यातला चुना फायरक्लेला वितळवायला मदत करतो.

सांधा १ ते २ मिमी. त्याहून जाड सांधा म्हणजे वीट वाकडी किंवा गवंडी घाईत. २३०×११५×७५ च्या विटा घनमीटरला सुमारे ४८० लागतात, २३० मिमी भिंतीला चौरस मीटरला १११. २ मिमी सांध्याला हजार विटांमागे, वाया जाणारं धरून, २०० ते २५० किलो कोरडं मॉर्टर धरा. तुटफुटीसाठी विटा ३ ते ५ टक्के जास्त घ्या. फायरक्ले वीट एक साधारण ४ किलोची असते, म्हणजे हजार विटा म्हणजे चार टन. गाडी आणि मजला दोन्ही त्या हिशेबाने बघा.

प्रसरणासाठी किती फट?

फायरक्ले हजार अंशांना सुमारे ०.५ ते ०.६ टक्के वाढते, हाय अ‍ॅल्युमिना ०.६ ते ०.८, मॅग्नेसाइट १.३ च्या आसपास. फायरक्लेच्या भिंतीला मीटरमागे ५ ते ६ मिमी धरलं तर ५ मीटरच्या भिंतीला २५ ते ३० मिमी झाले. ही सगळी फट एकाच जागी न देता दोन-तीन ठिकाणी वाटा, प्रत्येक थरात सांधा नागमोडी ठेवा आणि त्यात सिरॅमिक फायबर भरा. मॉर्टरने भरलेली फट ही फट नव्हे. हे काम संपल्यावर दिसत नाही, म्हणून विटा चढत असतानाच फोटो काढून ठेवा.

अँकर कुठला?

अँकरच्या टोकाचं तापमान बघा. ९०० अंशांपर्यंत एसएस ३०४, १०५० पर्यंत एसएस ३१०, त्यावर सिरॅमिक अँकर. भिंतीला २०० ते २५० मिमी अंतर, छताला १५० ते २००. शेजारचे दोन अँकर एकमेकांना काटकोनात वळवा, नाहीतर एका रेषेत चीर पडते. टोक तोंडापासून किमान २५ मिमी आत राहू द्या. कास्टेबल ओतण्याआधी अँकरला बिटुमेन पेंटचा हात मारा किंवा टोकाला प्लास्टिकची टोपी घाला. धातू कास्टेबलपेक्षा जास्त वाढतो, त्याला तेवढी जागा मिळते. ३०४ आणि ३१० नुसत्या नजरेला सारखेच दिसतात, त्यामुळे साठ्यात मिसळू देऊ नका.

कास्टेबलमध्ये पाणी किती?

पिशवीवर लिहिलंय तेवढंच, आणि तेही मोजून. साध्या दाट कास्टेबलला वजनाच्या ८ ते १२ टक्के, लो सिमेंटला (कमी सिमेंटच्या कास्टेबलला) ५ ते ६.५ टक्के आणि व्हायब्रेटर. इन्सुलेटिंग कास्टेबल बरंच जास्त पाणी पितं. लो सिमेंट मिक्सरमध्ये कोरडं वाटतं, म्हणून मजूर वर एक मग ओततो, आणि तिथेच ताकद निघून जाते: जास्तीचं पाणी उडून गेल्यावर मागे छिद्रंच राहतात. पाणी पिण्यालायक हवं. मिक्सरमध्ये आधीच्या बांधकामाचं सिमेंट किंवा चुना चिकटलेला नसावा, त्याने कास्टेबल मिनिटांत आवळतं. कालवलेला माल अर्ध्या तासात संपवा. आवळायला लागलेल्यात पुन्हा पाणी घालून तो मऊ करायचा नाही.

२ चौरस मीटर जागेत १५० मिमी जाडी म्हणजे ०.३ घनमीटर. घनता २.२ धरली तर ६६० किलो, वाया जाणारं धरून २५ किलोच्या २८ पिशव्या.

सुकवणीला इतका वेळ खरंच लागतो?

लागतो. घाई केली की आतल्या पाण्याची वाफ बाहेर पडायला वाट शोधते, आणि वाट मिळाली नाही तर लायनिंग बंदुकीसारखं फुटतं. माणसं जखमी होण्याइतकं.

१५० मिमी जाडीच्या साध्या दाट कास्टेबलसाठी: ओतल्यानंतर २४ तास ओलं ठेवा, मग साचा काढून २४ तास वाऱ्यावर. नंतर तासाला १५ अंशांनी १२० पर्यंत जा आणि ६ तास थांबा. तासाला २५ अंशांनी ३५० पर्यंत, ६ तास थांबा. तासाला ३० अंशांनी ६०० पर्यंत, पुन्हा ६ तास. पुढे तासाला ५० ने कामाच्या तापमानाला. हे एकूण ५० तासांच्या आसपास जातं. थांबण्याचा ठोकताळा: दर २५ मिमी जाडीला एक तास. १२० ला मोकळं पाणी उडतं. त्यापुढे ६०० पर्यंत सिमेंटच्या हायड्रेटमध्ये बांधलेलं पाणी सुटत जातं.

लो सिमेंट जास्त घट्ट असल्याने आणखी सावकाश तापवावं लागतं. त्यात पॉलिप्रॉपिलिनचे तंतू असतात, ते १६५ अंशांच्या सुमाराला वितळून वाफेला वाट करून देतात. मागे पत्रा बंदिस्त असेल तर वाफ जायला १०-१२ मिमीची भोकं ठेवा. आणि थर्मोकपल लायनिंगच्या जवळ लावा. चिमणीतलं तापमान बघून सुकवणी करणं म्हणजे अंदाजपंचे. वाफ जोरात दिसायला लागली तर तापमान तिथेच धरा. बर्नर बंद करू नका.

पावसाळ्यात माल कसा ठेवायचा?

कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर हा मोठाच प्रश्न आहे. कास्टेबलच्या पिशव्या लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर लांब, जाड प्लास्टिकखाली. आधी आलेली आधी वापरा. सहा महिन्यांपेक्षा जुनी पिशवी वापरण्याआधी छोटा ठोकळा ओतून बघा. हाताने न फुटणाऱ्या गाठी असतील तर ती पिशवी लायनिंगला नको. मॅग्नेसाइट वीट दमट हवेत हायड्रेट होऊन फुगते आणि तडकते, तिचं पॅकिंग वापरायच्या दिवशीच उघडा. बंद पडलेली भट्टीही हवेतला ओलावा ओढते. पावसाळी शटडाऊननंतर जुन्या लायनिंगलाही १२० अंशांवर काही तास ठेवून मगच वर जा.

माल उतरवताना काय तपासायचं?

दहा-बारा विटा वेगवेगळ्या थप्प्यांमधून उचला. मोजमाप घ्या: तीच बाजू विटेविटेला २-३ मिमीने बदलत असेल तर पातळ सांधा जमणार नाही. दोन विटा एकमेकींवर वाजवा. खणखणीत आवाज हवा, बद्द आवाज म्हणजे आत चीर किंवा कच्ची भाजणी. एक फोडा आणि आत रंग एकसारखा आहे का बघा.

छिद्रांचं प्रमाण कारखान्यातच काढता येतं. तुकडा ११० अंशांना सुकवून वजन करा, दोन तास पाण्यात उकळून गार होऊ द्या, पाण्यात लटकवून वजन करा, मग वरचं पाणी टिपून हवेत वजन करा. ओलं वजा कोरडं, भागिले ओलं वजा पाण्यातलं, गुणिले शंभर. दाट फायरक्लेला २० ते २५ टक्के ठीक. ३० च्या वर गेलं तर लॉट थांबवा. मोठी ऑर्डर असेल तर पीएलसी आणि आरयूएलसाठी तुम्ही स्वतः निवडलेला नमुना एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत पाठवा. पुरवठादाराने निवडून दिलेला नको.

पॅच मारू की पूर्ण लायनिंग बदलू?

जाडी निम्म्याहून जास्त शिल्लक असेल, मागचा थर शाबूत असेल आणि झीज एका जागी असेल तर पॅच मारा. पण वितळलेल्या तोंडावर पातळ थर लिंपून उपयोग नाही, तो पहिल्याच पेटवणीत गळतो. खराब भाग चौकोनी, किमान ७५ ते १०० मिमी खोल कापून काढा, कडा आतून रुंद ठेवा म्हणजे पॅच अडकून राहील, अँकर उघडा करून तपासा आणि मगच भरा. जुनी कोरडी वीट कास्टेबलमधलं पाणी शोषते, म्हणून ओतण्याआधी तिला पाणी मारा. पत्र्यावर एकाच जागी तापमान दर आठवड्याला चढत असेल तर पुढच्या शटडाऊनची वाट पाहू नका.

जुनं लायनिंग काढताना धोका काय?

धुळीचा. वापरलेल्या सिरॅमिक फायबरचा गरम बाजूचा थर काही प्रमाणात क्रिस्टोबलाइटमध्ये, म्हणजे स्फटिकी सिलिकात बदललेला असतो. तो कोरडा ओरबाडला की बारीक धूळ थेट फुप्फुसात जाते. आधी पाण्याचा फवारा मारा, तुकडे लगेच जाड पिशवीत भरा आणि तोंडाला रुमाल न बांधता किमान एन ९५ मास्क वापरा. सिलिका मास आणि फायरक्ले फोडतानाही हेच. मॅग्नेशिया-क्रोमच्या जुन्या विटा पिवळसर पडल्या असतील तर त्यात हेक्साव्हॅलेंट क्रोमियम असू शकतं. त्या वेगळ्या ठेवा, भरावाला किंवा रस्त्याला देऊ नका, आणि घातक कचरा म्हणून अधिकृत ठिकाणीच पाठवा. भट्टीत उतरण्याआधी गॅसची लाइन ब्लाइंड करा (मधे बंद तबकडी घालून तोडा), आत कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन मोजा, आणि दाराशी एक माणूस सतत उभा ठेवा.